अर्धं जहाज मुलुंडला

विद्याधर टिपणीसांच्या घरी आईच्या पलंगावर एक जहाज निजलेलं असे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण त्यांच्याकडे येणारा प्रत्येक माणूस तिथे दचकायचा. म्हणजे तसं येणारं होतं तरी कोण? गॅसवाला, मीटर बघणारा, आणि गणपतीची वर्गणी मागायला आलेले सोसायटीवाले. पण ते सगळे दचकायचे, हे खरं.

बोरिवली पूर्वेला दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचं घर. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. तिचा तो शिसवी पलंग विकायचा तर जिन्यावरून उतरवणार कोण, आणि ठेवायचा तर त्यावर झोपणार कोण, अशा पेचात तो आतल्या खोलीत राहून गेला. टिपणीसांनी लग्न केलं नाही. त्याला काही मोठं कारणबिरण नव्हतं, उगाच कुणी कादंबरी रचू नये. आधी धाकट्या बहिणीचं, शर्मिष्ठाचं, व्हायचं होतं. ते झालं, ती बडोद्याला गेली. मग आईचं दुखणं निघालं. मग लोकांनी विचारायचं सोडलं. एवढंच.

तर ते जहाज. खरं म्हणजे पलंगावर अर्धंच होतं, त्याचं नुसतं पोट. पाण्यात असतं ते. वरचे मजले, धुराडी, होड्या, कठडे, कप्तानाचा ब्रिज, हे सगळं मुलुंडला दशरथ परबांच्या घरी तयार होत होतं. एक जहाज आणि दोन घरं, तीही एक वेस्टर्नला आणि एक सेंट्रलला. आता याला वेडेपणा नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?

टिपणीस आणि परब दोघांनीही गोदीतल्या एका जहाजदुरुस्तीच्या कंपनीत उभा जन्म काढला. टिपणीस वर ड्रॉइंग ऑफिसात, परब खाली सुतारखात्यात. ते नोकरीला लागले त्या वर्षी ‘मार्गारिता’ नावाचं एक मोठं प्रवासी जहाज सुक्या गोदीत दुरुस्तीला आलं. पांढरंशुभ्र, दोन पिवळी धुराडी, युरोपातून ऑस्ट्रेलियाला माणसं नेणारं. जेवणाच्या सुट्टीत हे दोघं गुपचूप वर चढायचे आणि पहिल्या वर्गाच्या जिन्यात, पितळी कठड्याला टेकून डबा उघडायचे. परबांच्या डब्यात सुकटीची चटणी. “गोऱ्या सायबाच्या जिन्यात आपला वास राहतलो बघ,” असं म्हणून ते खूश व्हायचे. जहाज दुरुस्त होऊन गेलं, पुढे कधीतरी भंगारात निघालं. मग कंपनीही बंद पडली. शेवटच्या आठवड्यात जुनी ड्रॉइंग्ज रद्दीत चालली होती, त्यातून टिपणीसांनी मार्गारिताची गुंडाळी उचलली, अंधेरीच्या एका झेरॉक्सवाल्याकडून तिची जशीच्या तशी दुसरी प्रत काढली आणि ती परबांच्या हातात दिली.

“हे आपण बांधायचं,” टिपणीस म्हणाले.

“खंय? तुझ्या डोक्यावर?” परब म्हणाले.

प्रश्न बरोबर होता. परबांचं घर बायको, मुलगा, सून, नातू यांनी गच्च भरलेलं. टिपणीसांच्या घरात माणसं नव्हती, पण भिंती काही त्यामुळे मागे सरकत नाहीत. सहा फुटी जहाज मजल्यांसकट कुणाच्याच घरात बांधता येईना, म्हणून वाटणी झाली. पोट टिपणीसांनी करायचं, कारण पोटाला नुसती चिकाटी लागते. वरचे मजले परबांनी, कारण त्यांना बोटं लागतात, आणि परबांसारखी बोटं सबंध गोदीत दुसऱ्या कुणाची नव्हती. आगपेटीच्या काडीला भोक पाडून दाखवणारा माणूस तो. शिवाय एक अट ठरली. जोडायच्या दिवसापर्यंत कुणी कुणाचं काम बघायचं नाही. “अंतरपाट धरूया,” परब म्हणाले. “मंगलाष्टकां झाली की मगे काय तो चेहरो बघ.”

भांडण झालं ते मापावरून. जुनं ड्रॉइंग फूट-इंचातलं. त्यात खऱ्या जहाजाचा एक फूट म्हणजे कागदावर इंचाचा आठवा भाग. म्हणजे कागदावरचं जहाज खऱ्याच्या शहाण्णवाव्या हिश्श्याचं. परबांचं म्हणणं, जसं कागदावर तसं लाकडात, फूटपट्टी लावली की कापलं. टिपणीसांना मात्र शंभरावा हिस्साच हवा होता. का, तर इमारतींच्या मॉडेलांवर लावतात ती इवलीशी माणसं बाजारात शंभराव्या हिश्श्याची मिळतात, आणि मार्गारिताच्या डेकवर त्यांना माणसं हवी होती. रिकामं जहाज त्यांना नको होतं. महिनाभर वाद घालून परबांनी शेवटी मान तुकवली. म्हणजे आता कागदावरचं प्रत्येक माप थोडं कमी करायचं आणि मग लाकडाला करवत लावायची, असं ठरलं.

सुरुवातीला दोघं महिन्यातून एकदा घाटकोपरला, मधल्या जागी, एका उडप्याकडे भेटायचे. इडली खायची, जहाजावर बोलायचं, घरी जायचं. मग करोना आला. मग टिपणीसांचा गुडघा गेला. गुडघा जरा बरा झाला तेव्हा परबांकडे रोज काही ना काही निघू लागलं. नातवाची परीक्षा आहे, घरात रंगकाम आहे, बायको सुगंधा गावाला गेली आहे. असं करत करत भेटणं सुटलं आणि राहिला तो रविवारचा फोन.

या फोनचं काय सांगावं! टिपणीसांचा आठवडा सोमवारी सुरू व्हायचा तो फक्त रविवारी पोचण्यासाठी. सकाळी उठायचं, पाव आणि दूध आणायचं, वरण-भाताचा कुकर लावायचा, पोटाच्या बरगड्यांवर पट्ट्या चिकटवायच्या, पॉलिशपेपर घासायचा, जेवायचं, पडायचं, पुन्हा घासायचं. कितीतरी दिवस असे जायचे की दूधवाल्याला म्हटलेलं “अर्धा लिटर” एवढेच दोन शब्द त्यांच्या तोंडून निघालेले असत. कधी कधी संध्याकाळी ते मुद्दाम खाकरून बघत, आवाज शाबूत आहे ना म्हणून. खोटं नाही सांगत.

आणि मग रविवारी चहा झाला की फोन वाजायचा. “काय टिपणीस, बरा मां?” की सुरू. परब आठवड्याचं काम सांगायचे आणि काय सांगायचे! कप्तानाच्या ब्रिजच्या खिडक्या कशा कापल्या, मागच्या धुराड्याला कल कसा दिला, एका होडीला सुताएवढी बाकं कशी बसवली. टिपणीस डोळे मिटून ऐकत. त्यांना ते सगळं दिसायचं. फोन ठेवल्यावरही ते बराच वेळ तसेच बसून राहत, कानाला गरम लागेपर्यंत धरलेला फोन मांडीवर ठेवून.

अशा एका रविवारी परब म्हणाले, “होड्या सगळ्या झाल्या रे. सव्वातीन सव्वातीन इंचाच्या. एकसारख्या.”

“झकास,” टिपणीस म्हणाले, आणि फोन ठेवला.

ड्राफ्ट्समनचं डोकं म्हणजे एक दुखणंच असतं. दुपारी भात कालवताना त्यांचा हात थांबला. सव्वातीन? होडी सव्वीस फुटांची. शंभराव्या हिश्श्याने ती सव्वातीनच्या आत यायला हवी, बऱ्यापैकी आत. सव्वातीन ती कागदावर आहे. टिपणीस उष्ट्या हाताने उठले आणि ड्रॉइंग उघडलं. कागदावर बरोब्बर सव्वातीन.

त्यांनी स्वतःची समजूत घातली की परब आपलं ढोबळ बोलला असेल. पण पुढच्या रविवारी त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, “ब्रिज किती रुंद आला रे?”

“धा इंच,” परब पटकन म्हणाले. “मोजून सांगतंय. धा म्हणजे धा.”

टिपणीसांनी फोन ठेवला आणि आत जाऊन फूटपट्टी लावली. पलंगावरचं पोट त्या जागी साडेनऊच्या थोडंसंच वर होतं. म्हणजे परबांनी माप कमी केलंच नव्हतं. जन्मभराची सवय नडली. फूटपट्टी कागदाला लावली, तशीच लाकडाला लावली, आणि वर्षानुवर्षं बसून सगळेच्या सगळे मजले मोठे बांधले. ते या पोटावर कधीच बसणार नव्हते. दोन्ही बाजूंनी बाहेर लोंबले असते, बारक्या पोराला बापाचा कोट घातल्यासारखे.

वाट लागली. पण सांगायचं कसं?

परबांना ओळखणाऱ्या माणसाला हा प्रश्न कळेल. गोदीत एकदा टिपणीसांनी चार लोकांसमोर त्यांची एक चूक दाखवली होती. चूक खरीच होती. तरी वर्षभर परब टिपणीसांशी बोलले नव्हते. काम असलं तर शिपायाकडून निरोप, तोही “वरच्या सायबांना सांग” असा. तेव्हा ते तरुण होते आणि वर्षं हाताशी पुष्कळ होती. आता परबाने फोन ठेवला आणि वर्षभर केलाच नाही तर? आता वर्षभराची खात्री कुणाला आहे? तो फोन गेला की आपल्याकडे राहिलं काय, दूधवाला?

बरं, नुसता स्वतःपुरता विचार होता असंही नाही. त्या बोटांनी इतकी वर्षं एकेक खिडकी कापली, आणि आता त्याला सांगायचं की टाकून दे? टिपणीसांच्याने ते होईना. दोन-तीन दिवस ते घरातल्या घरात येरझाऱ्या घालत राहिले. मग त्यांनी मनाशी ठरवलं. मजले बदलायचे नाहीत, पोट बदलायचं. परबाच्या मापाचं, शहाण्णवाव्या हिश्श्याचं नवं पोट करायचं आणि त्याला कधी कळू द्यायचं नाही.

जागा एकच होती, त्यामुळे जुनं आधी काढावं लागलं. एका दुपारी त्यांनी करवत घेतली. पाच वर्षं हाताने घासलेलं ते पोट इतकं गुळगुळीत झालं होतं की पहिल्यांदा करवत त्यावरून घसरलीच. टिपणीस थांबले, चहा करून प्यायले, पुन्हा आले. मग मात्र थांबले नाहीत. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी वर येऊन विचारलं, काका, फर्निचर काढताय का? “हो,” ते म्हणाले. तुकडे सुक्या कचऱ्याच्या डब्यात उभे राहीनात म्हणून त्यांनी ते सुतळीने बांधून जिन्याखाली ठेवले. दुसऱ्या दिवशी तिथे काही नव्हतं. त्या दिवशी टिपणीस रडले, आणि रडताना त्यांना एका गोष्टीचं मोठं हसू आलं. हे ज्याला सांगून मन मोकळं करावं असा जगात एकच माणूस होता, आणि त्यालाच तर सांगायचं नव्हतं.

नवं पोट लांबीला तीन इंच जास्त. ते बसवायला आईच्या पलंगाची उशाकडची फळी काढावी लागली. डोळे पूर्वीचे राहिले नव्हते, गुडघा खाली बसू देत नव्हता, दोनदा ब्लेड बोटात घुसलं. आणि रविवारी फोन आला की खोटं बोलायला लागायचं. इकडे नुसत्या बरगड्या उभ्या असायच्या आणि परब विचारायचे, “पोट खंयपर्यंत इला?” टिपणीस सांगायचे, “आता रंगाचा दुसरा हात देतोय.” साठी उलटून गेल्यावर माणूस खोटं बोलायला शिकला. पण परबांना काही संशय आल्याचं दिसलं नाही. तेही आपलं सांगत राहायचे. कठडे झाले, शिड्या झाल्या, आता डेकवरच्या खुर्च्या चालू आहेत. खुर्च्या काही केल्या संपेनात.

दीड-दोन वर्षांनी नवं पोट पुरं झालं. वर पांढरं, पाण्याखाली तांबडं, मधे निळी रेघ. टिपणीस त्याच्याकडे बघत उभे राहिले तेव्हा त्यांच्या अंगात एकदम लहान मुलाची घाई शिरली. परबाला विचारलं तर तो पुन्हा काहीतरी काढणार, खुर्च्या बाकी आहेत म्हणणार. राहू देत खुर्च्या बाकी! वय काय थांबलंय का कुणासाठी? त्यांनी न कळवता जायचं ठरवलं. रविवारी सकाळी एक छोटा हत्ती टेम्पो सांगितला, जहाज आईच्या दोन गोधड्यांत गुंडाळलं, आणि ड्रायव्हर पुढे बसा म्हणत असताना ते मागे जहाजाशेजारीच बसले. पवईच्या खड्ड्यांतून ते पोट दोन्ही हातांनी धरून नेताना त्यांना वाटलं, कितीतरी वर्षांत आपण इतके सुखात नव्हतो.

मुलुंडला पोचले, ड्रायव्हर आणि वॉचमन जहाज उचलून जिना चढू लागले, आणि टिपणीसांच्या खिशात फोन वाजला. रविवारचा फोन. परबच. टिपणीसांना मजा वाटली. फोन कानाला लावून ते वर चढत राहिले.

“काय टिपणीस, बरा मां? आज मागच्या डेकचो कठडो लावलंय. काय सांगू, तारेसारखो सरळ...”

“वा,” टिपणीस म्हणाले, आणि बेल दाबली.

दार सुगंधावहिनींनी उघडलं. त्यांच्या हातात लसूण सोलायचं ताट होतं. “भावोजी, तुम्ही?” एवढंच त्या म्हणाल्या आणि त्यांचा चेहरा उतरला. आतून परबांचा आवाज येत होता, आणि तोच आवाज फोनमधूनही येत होता, शब्दाला शब्द. टिपणीस हसत आत गेले.

परब खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. समोरच्या भिंतीवर मार्गारिताचं ड्रॉइंग ताणून चिकटवलेलं. फोन स्पीकरवर टाकून स्टुलावर ठेवलेला. उजव्या हातात फूटपट्टी होती, आणि तो हात थरथरत होता. थोडासा नव्हे. फूटपट्टी कागदावर टकटक वाजत होती. डाव्या हाताने ते उजवं मनगट धरून ठेवायचा प्रयत्न करत होते, आणि तो हातही तसाच.

“...बारा इंच चार सूत,” परब कागदावरून वाचत होते. मग त्यांनी मान वळवली.

टिपणीसांनी खोलीभर नजर फिरवली. कपाटावर, पलंगाखाली, गॅलरीत. मजले कुठेच नव्हते. एक खिडकी नव्हती, एक होडी नव्हती. मागे ड्रायव्हर विचारत होता, काका, ठेवायचं कुठे?

शेवटी सुगंधावहिनींनीच सांगितलं. कंपवात. करोनाच्या दिवसांत सुरू झाला. जहाजाची पहिली भिंत अर्धी कापून झाली होती, मग खिडक्या सरळ येईनात. एक दिवस चिडून त्यांनी सगळं मोडून खाली फेकलं, हत्यारं मुलाला, सुशांतला, देऊन टाकायला लावली. “मी म्हटलं यांना, भावोजींना सांगा म्हणून,” त्या म्हणाल्या. “तर माझ्यावरच धावून आले.”

“तू आत जा गो,” परब म्हणाले. त्या गेल्या नाहीत.

टिपणीसांना आधी राग आला. चांगला सणसणीत आला. त्या होड्या, ती सुताएवढी बाकं, ते कललेलं धुराडं, डोळे मिटून बघितलेलं सगळं! म्हणजे हा माणूस इतकी वर्षं आपल्याला कागद वाचून दाखवत होता. कागद. आणि तेवढ्यात त्यांच्या लक्षात आलं की सव्वातीन इंच कुठून आले होते आणि धा म्हणजे धा कुठून आले होते. चूक कुणी केलीच नव्हती. चुकायला हातात लाकूडच नव्हतं. ते भिंतीला धरून खुर्चीत बसले. जिन्याखाली सुतळीने बांधून ठेवलेले तुकडे त्यांना आठवले, आणि त्यांनी ओठ आवळून धरले. हे परबाला कळता कामा नये, निदान हे तरी.

पण परब उठले होते. ड्रायव्हरने जहाज जेवणाच्या टेबलावर ठेवून गोधड्या बाजूला केल्या होत्या, आणि परब पाय घासत त्याच्याकडे चालले होते. त्यांनी थरथरता तळवा त्या पांढऱ्या कडेवरून पुढून मागे फिरवला. “चांगला केलंस रे,” ते म्हणाले. मग सुताराची सवय, फूटपट्टी आडवी ठेवली. ती हलत होती. त्यांनी ती छातीने दाबून धरली आणि वाकून वाचली. पुन्हा वाचली.

“टिपणीस,” ते वळून न बघता म्हणाले, “ह्या शंभराचा नाय.”

टिपणीसांनी गोधडीची घडी घालायला घेतली.

“ह्या कागदाचा माप. तू तर शंभराचा करीत होतंस. ता खंय गेला?”

“तोडलं,” टिपणीस म्हणाले.

“कित्याक?”

टिपणीस भिंतीवरच्या ड्रॉइंगकडे बघत राहिले. परब हळूहळू टेबलाला धरून उभे राहिले, आणि त्यांना कळायला लागलं ते टिपणीसांना त्यांच्या तोंडावर दिसलं. धा म्हणजे धा. मोजून सांगतंय.

“अरे, मगे तेव्हाच विचारूचा मां माका,” परबांचा आवाज फाटला. “माप चुकला काय म्हणान. एक शब्द विचारलो असतंस तर...”

“तू फोन ठेवला असतास.”

“होय, ठेवलो असतंय.”

“आणि परत केला नसतास. आणि तू? तू का नाही सांगितलंस?”

परबांनी आपल्या हातांकडे बघितलं. “मजले नायत म्हटल्यावर तू फोन कशाक घेतलो असतंस?” ते म्हणाले. “दुसरा काय होता आपल्याकडे बोलाक?”

सुगंधावहिनींनी डोळ्यांना पदर लावला आणि चहा टाकायला गेल्या. चहा आला, तो दोघांनी घेतला. परबांचा कप अर्धाच भरलेला होता, आणि टिपणीसांनी त्याच्याकडे बघायचं टाळलं. त्या घरात सहा फुटांहून लांब जहाज ठेवायला जागा नव्हती, सून आणि नातू जेवायच्या वेळेला येणार होते, टेबल लागणार होतं. टिपणीसांनी पुन्हा गोधड्या गुंडाळल्या. निघताना “येतो” म्हणाले. परब दारापर्यंत आले नाहीत.

पुढचा आठवडा कसा गेला हे विचारू नये. पोट पलंगावर होतं, वरून उघडं, आणि टिपणीस त्या खोलीत जातच नव्हते. बाहेरच्या खोलीत खुर्ची टाकून बसायचे. इतके दिवस त्यांना वाटायचं की मुलुंडला कुणीतरी आपल्याबरोबर काम करतंय, इकडे आपण पट्टी चिकटवली की तिकडे कुणीतरी खिडकी कापतंय. आता कळलं की तिकडे कुणीच काही करत नव्हतं. आपण एकटेच होतो, आधीपासूनच. हे त्यांना फार लागलं.

रविवार आला. चहा झाला. फोन वाजला नाही. टिपणीसांनी कप धुतला, गॅलरीतली तुळस पाणी पाणी होईपर्यंत शिंपली, कुकर लावला, कुकर झाला. फोन वाजला नाही. जेवण त्यांना गेलं नाही. आपण का करावा फोन, फसवलं त्याने, असं ते स्वतःशी म्हणत होते. आणि मग त्यांनीच केला.

फोन वहिनींनी उचलला. “ते इथेच आहेत,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “सकाळपासून फोनकडे बघत बसलेत. म्हणतात, आता काय सांगू त्याला.”

“त्याला द्या.”

फोन हातात दिल्याची खरखर. मग श्वास.

“परब, ड्रॉइंग आहे ना भिंतीवर?”

“आसा.”

“मग वाच. पोट कागदाच्या मापाचंच आहे आता. काही कमी-जास्त करायला नको. तू वाच, मी कापतो.”

“तुझ्याकडे आसा की प्रत. तूच वाच.”

“आहे रे.” टिपणीस थांबले. हे त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, शर्मिष्ठालाही नाही, आणि सांगताना त्यांना सत्तराव्या वर्षी लाज वाटली. “घरात कुणाचा आवाज नसतो रे, परब. आठ आठ दिवस नसतो.”

पलीकडे फूटपट्टी कागदावर टकटक वाजायला लागली.

“लिही,” परब म्हणाले. “खालून सुरू करू की वरून?”

“खालून.”

“वेळ लागतलो खूप.”

“लागू दे,” टिपणीस म्हणाले, आणि पेन्सिल शोधायला उठले.